जयगडसमोर अर्ध्यावर अडकलेला मोजा

जयगडसमोर पाठवाऱ्याचं शीड उतरवताना ते अर्ध्यावर अडकलं. भाचीच्या उजव्या तळव्याची कातडी सोलली आणि शिडाचा खालचा काठ खाऱ्या पाण्यात भिजला, एवढंच नुकसान. मोठा अपघात झाला असता तर वाऱ्याच्या डोक्यावर खापर फोडून मोकळं होता आलं असतं. इथे ती सोय नाही. त्या वीस-एकवीस मिनिटांत काय झालं ते टप्प्याटप्प्याने सांगता येतं आणि त्यातले बहुतेक टप्पे माझ्या नावावर आहेत, म्हणून लिहून ठेवतो.

बोट ३४ फुटी, एका डोलकाठीची. जानेवारीत मुंबईहून निघायचं, रोज एखाद्या खाडीत नांगर टाकायचा आणि आठ-दहा दिवसांत गोवा गाठायचं, असा बेत. बोटीवर दोघंच. मी ५८ वर्षांचा, नोकरीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेली, शिडाचा नाद उशिरा लागलेला. भाची २७ वर्षांची, शाळेपासून छोट्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतींत वाढलेली. शिडाची अक्कल तिला जास्त, बोट माझी, म्हणून कप्तान मी. तिचं वजन ५४ किलो. हा आकडा पुढे लागणार आहे.

स्पिनाकर म्हणजे वारा पाठीमागून असताना नाळेपुढे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापुढे, उभारायचं ते मोठं रंगीत शीड. आमच्या बोटीवर त्याला फुगा म्हणतात. आमचा फुगा दोन्ही बाजूंनी सारखा नाही, एक कड लांब आणि एक आखूड, त्यामुळे त्याला आडवा दांडा लागत नाही. एक कोपरा नाळेवर बांधायचा, दुसऱ्या कोपऱ्याचा दोर मागे कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या खळग्यात, आणायचा, शेंडा हॅलयार्डने, म्हणजे शीड चढवायच्या दोराने, डोलकाठीच्या टोकाला चढवायचा. क्षेत्रफळ ७५ चौरस मीटर. मुंबईकराच्या हिशेबात ८०० चौरस फूट, म्हणजे उपनगरातला बऱ्यापैकी टू बीएचके. आणि नायलॉन इतकं पातळ की या अख्ख्या फ्लॅटचं वजन चार-पाच किलो.

शर्यतीच्या बोटीवर हा फ्लॅट उतरवायला पाच-सहा जण असतात. कोणी दोर सोडतो, कोणी हॅलयार्ड, बाकीचे कापड ओढून पोटाशी धरतात. दोघांच्या बोटीवर एक जण सुकाणूवर अडकलेला, म्हणजे उरतो एक. दोघांनी बोट चालवणं म्हणजे खरं तर पाळीपाळीने एकट्याने चालवणं. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ ला ५६ फुटी ‘तारिणी’ घेऊन गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २९ मे २०२५ ला परतल्या. तेव्हा दोघांनी हे जमतं का, हा प्रश्न उरलेला नाही. कसं जमवायचं, एवढाच आहे.

त्यावरचा एक उपाय म्हणजे स्नफर. काही जण सॉक म्हणतात, आम्ही मोजा. फुग्याच्या उंचीइतकी, आमच्याकडे १२ मीटर लांबीची, पातळ कापडाची नळी. नळीच्या खालच्या तोंडाला फायबरग्लासचं कडं, नरसाळ्यासारखं बाहेर पसरलेलं. एक अखंड दोरी नळीच्या शेंड्याजवळच्या कप्पीवरून फिरून दोन्ही टोकांनी नरसाळ्याला जोडलेली असते. तिची एक बाजू ओढली की नरसाळं वर जातं आणि मोजा फुग्याच्या डोक्यावर चुण्या पडून गोळा होतो. दुसरी बाजू ओढली की नरसाळं खाली येतं आणि फुगा नळीत शिरतो. चढवताना फुगा मोज्यात गुंडाळलेल्या वळकटीसारखा हॅलयार्डला लटकतो, तेव्हा त्यात वारा भरत नाही. कोपरे नीट बांधून झाले की नरसाळं हातभर वर करायचं. खालून थोडा वारा आत शिरला की पुढचं काम तोच करतो. चढवण्याचा भाग इतका सोपा आहे की माणूस बेसावध होतो.

आता भाषेची एक अडचण. मराठीत सेल म्हणजे शीड. ते ताणायच्या दोराला इंग्रजीत शीट म्हणतात आणि मुंबईच्या सगळ्या बोटींवर तोच शब्द चालतो. क्लबच्या बारमध्ये बसून बोलताना शीड आणि शीट यांत गोंधळ होत नाही. १८ नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वाऱ्यात, ३० फुटांवरून, पाठमोऱ्या माणसाने ओरडून सांगितलं की काय होतं ते पुढे येईलच.

त्या दिवशी सकाळी साडेसातला हर्णैहून, सुवर्णदुर्गाच्या आडोशातून नांगर उचलला. जयगड तिथून साधारण ३१ सागरी मैल. पहाटेचा मतलई वारा अजून थोडा चालू होता, पूर्वेकडून, जेमतेम सात-आठ नॉट. तो दहापर्यंत विरला. मग नेहमीसारखं आरशासारखं पाणी, इंजिनाची घरघर, आणि पोहे. बाराच्या सुमारास पश्चिमेला पाण्यावर काळपट पट्टा दिसू लागला. शाळेच्या भूगोलात खारे वारे पाठ केलेले असतात. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, समुद्रावरची हवा आत येते. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात ते पश्चिमेकडून सुरू होतात, दुपार चढेल तसे वायव्येकडे सरकतात आणि तीन ते पाचच्या दरम्यान सगळ्यात जोरात असतात. सूर्य बुडला की पडतात. म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याला रोज दुपारी पाठीमागून वारा, फुकट. फुग्यासाठी याहून चांगला किनारा शोधून सापडणार नाही.

पाऊण वाजता दाभोळच्या तोंडासमोर, टाळकेश्वरचं दीपगृह डाव्या हाताला असताना, फुगा चढवला. पाच मिनिटांत काम झालं. वारा १० ते १२ नॉट, बोट साडेपाच-सहाने. गुहागरचा किनारा मागे पडला, वेळणेश्वर मागे पडलं. भाचीने ताणून दिली. मी सुकाणूवर बसून स्वतःवर खूश होतो.

इथे पहिली चूक, आणि ती दोन तास चालली होती. वाऱ्याबरोबर जाताना अंगाला लागतो तो खरा वारा नसतो. त्यातून बोटीचा वेग वजा झालेला असतो. खरा वारा १२ नॉट, मागच्या उजव्या कोपऱ्यातून, आणि बोट ६ नॉटने, तर अंगाला लागतात जेमतेम साडेसात. साडेतीनला खरा वारा १८ झाला होता, बोट साडेसातने पळत होती, आणि अंगाला बारा लागत होते. डोक्यावरची टोपी उडत नव्हती. वाऱ्याच्या दिशेने पुढे पाहिलं की लाटांच्या पाठी दिसतात, फुटणारी पांढरी तोंडं दिसत नाहीत. ती पाहायला मागे वळावं लागतं. मी मागे पाहिलं नाही. डोलकाठीवरचं यंत्र बारा दाखवत होतं आणि मी मनात म्हणत होतो, बारा काही फार नाही.

रात्री वहीत ढोबळ गणित केलं. दाब वाऱ्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो. साडेसात नॉटला ७५ चौरस मीटरवर साधारण ७० किलोचा भार. बाराला १८०. आणि तीच बोट १८ नॉटच्या खऱ्या वाऱ्यात तिरकी वळून वारा आडवा घेऊ लागली, तर अंगाला लागणारा वारा १९ होतो आणि भार साडेचारशेच्या पुढे जातो. शीड तेच, वारा तोच, फक्त बोटीचं तोंड वेगळीकडे. ५४ किलोची मुलगी यातल्या कुठल्या भाराला हाताने आवर घालू शकते, ते ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते एकाही नाही.

३ वाजून ५० मिनिटांनी समोर बावटे दिसले. बांबूला बांधलेली काळी फडकी, मध्ये थर्माकोलचे तुकडे, म्हणजे जाळ्यांची रांग. अंतर अर्ध्या मैलाहून कमी. जयगडचं टोक आणखी अडीच मैल पुढे. फुगा उतरवायचा असं ठरलं आणि भाची कमरेचा पट्टा अडकवून पुढे गेली.

तिने उतरती दोरी ओढायला सुरुवात केली आणि नरसाळं भराभर खाली आलं. एक तृतीयांश उंची अगदी लोण्यासारखी. त्यानेच फसवलं. शेंड्याजवळ फुगा अरुंद असतो, तिथे तो भरलेला असला तरी नरसाळ्यात मावतो. खरी रुंदी मधल्या पोटाला. तिथे पोहोचेपर्यंत शिडातला वारा काढून टाकलेला पाहिजे आणि ते काम पुढच्या माणसाचं नाही, मागच्याचं आहे. दोर पूर्ण सैल करायचा आणि बोटीची पाठ वाऱ्याला द्यायची, म्हणजे फुगा डोलकाठीमागच्या नेहमीच्या मोठ्या शिडाच्या सावलीत येतो, त्याला वारा मिळत नाही आणि तो लुळा पडतो. मी यातलं काहीच केलं नव्हतं. माझी नजर बावट्यांवर होती.

आणि मी सुकाणू उजवीकडे वळवलं. उजवीकडे म्हणजे खोल समुद्राकडे. कोकणच्या किनाऱ्यावर अडचण आली की बाहेर पडायचं, ही सवय हाडात भिनलेली असते. खडक, वाळूचे दांडे, जाळी, सगळं किनाऱ्याकडे. पण आमचा वारा वायव्येचा होता, म्हणजे खोल समुद्राकडे वळणं हे वाऱ्याकडे वळणं होतं. फुगा तोफ उडाल्यासारखा भरला. नरसाळं वर झेपावलं, दोरी भाचीच्या तळव्यातून सरकली, तिच्या टाचा डेकवरून उचलल्या गेल्या. तिने हाताला वेढा घेतलेला नव्हता, लहानपणी कोणीतरी तिला ते नीट शिकवलं होतं, म्हणून तिला दोरी सोडता आली. वेढा असता तर ती दोरीबरोबर वर गेली असती किंवा बोटं गेली असती.

बोट डाव्या अंगावर आडवी झाली, बूमचं, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याचं, टोक पाण्यात घासलं, सुकाणू हलकं लागायला लागलं. अर्धं पातं पाण्याबाहेर होतं.

‘मामा, शीट सोड!’

मला ऐकू आलं ‘शीड सोड’. शीड सोड म्हणजे हॅलयार्ड सोड. माझा हात हॅलयार्डच्या खटक्यावर गेला. त्या क्षणी तो खटका उघडला असता तर ८०० चौरस फूट नायलॉन नाळेपुढे पाण्यात पडलं असतं, बोट त्याच्यावरून गेली असती, आणि ते इंजिनाचा पंखा, सुकाणू आणि जाळी यांच्यासकट एक झालं असतं. हात थांबला तो शहाणपणाने नाही. वाटलं, ही असं का सांगेल? मग तिने मागे वळून, हाताने दाखवत, पुन्हा ओरडून सांगितलं, ‘दोर! अरे डावा दोर!’ मी तो विंचवरून, म्हणजे दोर ताणायच्या रहाटावरून, उडवला. फुगा फडफडायला लागला, बोट सरळ झाली.

दहा सेकंद गेली असतील. बोटीवर दहा सेकंद फार असतात.

तोवर जाळ्याच्या मालकाची होडी जवळ आली होती. तांडेल उभा राहून दोन्ही हात हलवत होता. मला वाटलं शिव्या देतोय. शिव्याही असतील, पण हात मात्र सारखे किनाऱ्याकडे जात होते. रांगेचं जवळचं टोक किनाऱ्याच्या बाजूला होतं, आणि मी निघालो होतो त्या बाजूला त्याचं जाळं मैलभर पसरलेलं. म्हणजे फुग्याला जिकडे वळायला हवं होतं तिकडेच तांडेलही पाठवत होता. किनारा तीन मैल लांब होता. दहा मिनिटं तिकडे गेलो असतो तरी मैलभरच सरकलो असतो. वळायला भरपूर जागा होती, फक्त मी ती मोजली नव्हती.

सुकाणू डावीकडे घेतलं. वारा थेट पाठीवर आला. मोठ्या शिडाचा बूम उलटू नये म्हणून सकाळीच पुढे दोराने ताणून बांधलेला होता. त्या दिवसातलं माझं एकमेव दूरदर्शी काम. फुगा मोठ्या शिडाच्या सावलीत आला आणि पडदा पडावा तसा लोंबला. भाची आता उभी नव्हती. डेकवर बसून, पाय झडपेच्या, म्हणजे डेकमधल्या दाराच्या, चौकटीला टेकवून ओढत होती. नरसाळं पोटावरून सहज खाली आलं. दोन तृतीयांश उंची उतरली आणि डेकपासून चारेक मीटरवर थांबलं. वर जाईना, खाली येईना.

ही अडकण वेगळी होती. आधीची वाऱ्याची, ही यंत्राची. ओढून उपयोग नव्हता, हे भाचीला दोरी हातात धरल्याबरोबर कळलं. वाऱ्याने अडलेली दोरी थोडी तरी झुलते. ही खुंटीला बांधल्यासारखी होती. मोजा आहे म्हणून मोज्यानेच उतरवायचं, या हट्टात अनेक जण शीड फाडतात. आमच्या पदरात एक चांगली गोष्ट पडलेली होती. वरचं दोन तृतीयांश कापड नळीत बंद होतं आणि मोकळं उरलं होतं ते खालचं घागऱ्यासारखं. त्याला सावलीत ठेवलं तर ते काही करू शकत नव्हतं. म्हणून मोजा विसरून जुनी पद्धत. नाळेचा कोपरा कॉकपिटमधून सोडून दिला. भाची पुढच्या झडपेत अर्धी उतरून बसली आणि तिने घागऱ्याचा काठ आत ओढायला घेतला. मी सुकाणू गुडघ्यांत धरून हॅलयार्डला विंचवर एक वेढा ठेवून हातभर, हातभर सोडत गेलो. ऑटोपायलट होता, पण मागच्या कोपऱ्यातून लाटा येत असताना तो सारखा इकडेतिकडे भरकटत होता आणि सावलीतून बाहेर पडणं परवडणार नव्हतं. इंजिन लावायचा मोह झाला. पाण्यात दोर लोंबत असताना आणि शेजारी जाळी असताना पंखा फिरवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. नाही लावलं.

४ वाजून ११ मिनिटांनी सगळं झडपेच्या आत. सव्वापाचला जयगडच्या किल्ल्याच्या आत, शास्त्री नदीच्या मुखात, नांगर टाकला. तवसाळकडून येणारी फेरीबोट गाड्या घेऊन समोरून गेली. भाचीने तळवा गोड्या पाण्यात बुडवून ठेवला होता. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मामा, उद्यापासून शीट हा शब्द बंद.’ तेव्हापासून आमच्या बोटीवर त्या दोराला लगाम म्हणतात. शीड, लगाम, हॅलयार्ड. तिन्ही कानाला वेगळे लागतात. शिवाय ‘लगाम सोड’ म्हटलं की हात आपोआप योग्य दोराकडे जातो. हा बदल फुकटात झाला आणि माझ्या मते सगळ्यात मोठा.

अडकण्याचं कारण दुसऱ्या दिवशी पहाटे सापडलं. नदीत वाऱ्याची झुळूक नव्हती. मोज्यासकट फुगा पुन्हा वर चढवला आणि मी दुर्बीण घेऊन डेकवर उताणा पडलो. नळीला अडीच पीळ होते. मोजा मी भरला होता मुंबईत, सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून कपड्यांच्या तारेपर्यंत फुगा पसरून. टाकीला वळसा घालताना कुठेतरी कड उलटली असणार. पीळ पडला तरी तो निघून जावा म्हणून शेंड्याला हॅलयार्ड आणि शीड यांच्यामध्ये एक फिरकी असते. ती मिठाने गच्च बसली होती, पक्कड लावून फिरवावी लागली. आणि तिसरी गोष्ट, जी शेवटी दोरी धरून बसली होती. आमचा मोजा जुना, बोटीबरोबर आलेला. नव्या मोज्यांत वर जाणाऱ्या दोरीसाठी नळीच्या आत वेगळी शिवलेली गल्ली असते. आमच्यात ती नव्हती, दोरी फुग्याच्या कापडाला लागूनच वर जात होती. पिळामुळे कापड दोरीवर आवळलं गेलं आणि पहिल्या झटक्यात नरसाळं वर उडालं तेव्हा हातभर नायलॉनची चिमूट दोरीबरोबर कप्पीत ओढली गेली. तिन्हींपैकी एकही गोष्ट नसती तर मोजा बहुधा उतरला असता. तरीही माझं मत असं की मोज्याला फासावर चढवण्यात अर्थ नाही. त्याच्या आधीची दहा मिनिटं मी नीट वागलो असतो तर नरसाळं वर उडालंच नसतं. मोजा शीड रिकामं करत नाही, रिकामं झालेलं शीड गोळा करतो. मी त्याच्याकडून ब्रेकचं काम मागत होतो.

जयगड ते रत्नागिरी, १९-२० मैल, फुगा पिशवीतच ठेवून पुढच्या साध्या शिडावर गेलो. माझ्या वहीप्रमाणे १४ नॉटच्या वाऱ्यात फुग्यावर ६.३ आणि साध्या शिडावर ५.४ नॉट. एका नॉटसाठी हा सगळा खटाटोप, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. वारा १५ च्या वर गेला की मला स्वतःलाही ते पटतं. पण आठ-नऊ नॉटच्या वाऱ्यात साधं शीड लोंबतं, लाटेबरोबर आपटतं आणि माणूस इंजिन लावतो. फुगा आहे तो त्या तासांसाठी. गुंडाळायच्या यंत्राचाही पर्याय असतो, म्हणजे फुगा एका पीळदार दोरीभोवती वरून खाली गुंडाळला जातो. चांगलं आहे, कॉकपिटमधून चालतं, पुढे जावं लागत नाही. पण त्याची किंमत ऐकून मी विषय बदलला.

रत्नागिरीत एक शिलाईवाला सापडला. त्याचं रोजचं काम जीपचे हूड, ट्रकच्या ताडपत्र्या, पावसाळ्याआधी दुकानांचे पडदे. १२ मीटरचा मोजा त्याच्या दुकानाच्या दारातून बाहेर, रस्ता ओलांडून समोरच्या पायरीपर्यंत गेला. हे काय आहे, असं त्याने दोनदा विचारलं. शिडाचा मोजा, असं सांगितल्यावर तिसऱ्यांदा विचारलं नाही. दोरीची गल्ली त्याने छत्रीच्या कापडाची शिवली, कारण वजनाला हलकं आणि गुळगुळीत असं त्याच्याकडे तेच होतं. फुग्याच्या लांब कडेवर वरपासून खालपर्यंत लाल पट्टी चिकटवली. आता भरताना लाल पट्टी सरळ रेषेत दिसली नाही तर मोजा वर सरकवायचा नाही. फिरकी नवी. आणि डोलकाठीच्या पायाशी एक उघडझाप कप्पी, जिच्यातून उतरती दोरी फिरवून घेतली. आता भाची दोरी वरून खाली न ओढता डेकवर बसून स्वतःकडे ओढते. झटका आला तर दोरी तिला डेकवर दाबते, वर उचलत नाही. नाळेवर मोजा असलेल्या प्रत्येक बोटीवर ही कप्पी असायला हवी. ती नसणं हा निव्वळ आळस.

कामाचा क्रमही उलटा केला. आधी उतरवायचं काम पुढे सुरू व्हायचं आणि मागचा माणूस त्याला मदत करायचा. आता पुढचा माणूस दोरी हातात घेऊन नुसता बसतो. मागचा बोट वळवतो, लगाम पूर्ण सोडतो, फुगा लोंबलेला दिसला की हात वर करतो. तोवर नरसाळ्याला हात लावायचा नाही. खुणा हाताच्याच, ओरडणं नाही. आणि वळायला लागणारी जागा आधी मोजायची. खाली, वाऱ्याच्या दिशेला, दीड मैल मोकळं पाणी नसेल तर तिथे पोहोचण्याआधीच फुगा आत.

वाऱ्याची मर्यादा ठरवताना मात्र आमचं भांडण झालं. भाचीचं म्हणणं खरा वारा १६. मी म्हटलं १३. तिने मला भित्रा म्हटलं. मी म्हटलं, तळवा दाखव. १४ वर तडजोड झाली, पण जोडीला एक अट आली: दर अर्ध्या तासाला मागे वळून समुद्राकडे पाहायचं आणि वहीत लिहायचं. मागे पाहणं वहीत आलं की ते होतं. नुसतं ठरवलं तर होत नाही.

रत्नागिरी ते विजयदुर्ग साधारण २६ मैल. सकाळ नेहमीची. साडेबाराला पूर्णगडच्या अलीकडे फुगा चढवला, लाल पट्टी सरळ, नरसाळं हातभर उचललं आणि बाकीचं वाऱ्याने केलं. दीड वाजता वहीत नोंद: मागे पांढरं काही नाही. दोन: तुरळक. अडीच: तुरळक, खरा ११. तीन वाजता मागे पाहिलं तर क्षितिजापर्यंत पांढरे ठिपके. खरा वारा १३, यंत्रावर आठ. बोट सहा-सव्वासहाने, इतकी स्थिर की कपातला चहा हलत नव्हता. फुगा असा ओढत होता की उतरवणं जिवावर आलं. भाचीने माझ्याकडे पाहिलं, अजून १४ झालेले नाहीत असं म्हणायला तोंड उघडलं, मग मुकाट्याने हातमोजे चढवून पुढे गेली.

सुकाणू डावीकडे, किनाऱ्याकडे. लगाम सोडला. फुगा लोंबला. मी हात वर केला. नरसाळं न थांबता, एका लयीत, डेकपर्यंत आलं आणि ती त्याच्या तोंडाला पट्टा बांधून मोकळी झाली. तो बांधला नाही तर लटकलेल्या मोज्यात खालून वारा शिरतो आणि नरसाळं आपोआप वर सरकायला लागतं. वहीत मी लिहिलं: ३ वाजून ४ मिनिटं, वारा १३, उतरवायला चाळीस सेकंद.

चार वाजता वारा १९ झाला. आम्ही पुढच्या शिडावर पाच-साडेपाचने चाललो होतो आणि भाची सारखी मागे वळून समुद्राकडे पाहत होती.